प्रार्थनेपासून नियुक्तिपत्रापर्यंत : ख्रिस्ती नोकरदार स्त्रीने करिअरचे निर्णय कसे घ्यावेत

नोकरी बदलावी का, बढती स्वीकारावी का, मुले लहान असताना काही वर्षे थांबावे का, की चांगल्या पगाराची जागा सोडून सेवाकार्यात जावे, असे प्रश्न घेऊन प्रार्थनेला बसणाऱ्या स्त्रीची अडचण बहुतेक वेळा श्रद्धेची नसते. गुडघे टेकून झाल्यावर उठून नेमके काय करायचे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. उपासनेत ऐकू येणाऱ्या साक्षींमध्ये "प्रभूने दार उघडले" हे वाक्य येते. त्याआधीचे हिशेब, घरातल्या चर्चा आणि जागून काढलेल्या रात्री साक्षीत येत नाहीत. हा लेख त्या मधल्या भागाविषयी आहे.

एक भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करते. करिअरच्या बहुतेक निर्णयांत देव आपल्याला एखादे दडवून ठेवलेले उत्तर हुडकायला लावत नाही. त्याने काही मर्यादा उघडपणे घालून दिल्या आहेत, त्या मर्यादांच्या आत विचार करण्यासाठी बुद्धी दिली आहे, आणि ती उणी पडेल तेव्हा मागावी, देव दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहिले आहे (याकोब १:५). तिथे मागायला सांगितली आहे ती बुद्धी. तयार उत्तर देण्याचे आश्वासन त्या वचनात नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये प्रार्थना आणि हिशेब एकमेकांच्या आड येत नाहीत, दोन्ही एकाच वहीत उतरतात. ही वही खरोखरच घ्यावी, कारण मनातल्या मनात केलेला विचार रोज पहिल्या पानापासून सुरू होतो आणि कुठेच पोहोचत नाही.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

"माझ्या जीवनाविषयी प्रभूची इच्छा काय आहे?" हा प्रश्न भक्तीसाठी योग्य असला तरी निर्णयासाठी फार मोठा आहे. त्याचे उत्तर महिनाअखेरपर्यंत देता येत नाही, आणि नियुक्तिपत्रावर सही मात्र महिनाअखेरपर्यंतच करायची असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येईल, असे एकच वाक्य लिहावे आणि त्यात मुदत घालावी. उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीत लेखा विभागात काम करणाऱ्या स्त्रीला विभागप्रमुखाची जागा देऊ केली आहे, त्या जागेला महिन्यातून दोनदा प्रवास आहे, आणि घरी वयस्कर आई आहे, असे धरू. तिच्या वहीतले वाक्य असे असेल : "येत्या ३० तारखेपर्यंत मी विभागप्रमुखपद स्वीकारल्याचे कळवावे का?"

त्या वाक्याखाली पर्याय लिहावेत, आणि ते किमान तीन असावेत. दोनच पर्याय समोर असले की माणूस त्यातल्या एकाला आज्ञाधारकपणा आणि दुसऱ्याला मोह असे नाव देऊन मोकळा होतो. तिसरा पर्याय बहुतेक वेळा कोणाला तरी काहीतरी विचारल्याशिवाय मिळत नाही. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीपुढे "पद स्वीकारावे, पण पहिले सहा महिने प्रवास सहकाऱ्याने करावा" हा पर्याय आहे. मात्र तो वरिष्ठांना विचारेपर्यंत अस्तित्वातच येत नाही.

पायरी २ : ठरलेले काय आणि मोकळे काय, हे वेगळे करा

आता प्रश्नातल्या प्रत्येक बाबीला एक साधी कसोटी लावावी : पवित्र शास्त्राने या बाबतीत आधीच निकाल दिला आहे का? खोटे हिशेब, ग्राहकाची फसवणूक, कामगारांची पिळवणूक, लाच, या गोष्टी ज्या नोकरीचा नेहमीचा भाग आहेत, ती नोकरी स्वीकारावी का यासाठी उपास करण्याची गरज नाही. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातील शिफ्रा आणि पुवा या सुइणींना मिसरचा राजा फारो याने इब्री मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी मार्गदर्शनाची वाट पाहिली असे शास्त्र सांगत नाही. त्या देवाचे भय बाळगत होत्या, म्हणून त्यांनी तो हुकूम पाळला नाही, एवढेच सांगते. त्या नोकरदार स्त्रियाच होत्या आणि हुकूम त्यांच्याच कामाविषयी होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

काही बाबतींत मंडळ्यांमध्येच मतभेद असतात. रविवारी ड्यूटी असलेली जागा घ्यावी की नाही, हा त्यातला नेहमीचा प्रश्न आहे. रुग्णालये, अग्निशमन, वीज, दळणवळण ही कामे रविवारी थांबत नाहीत, आणि येशूने शब्बाथ दिवशी रुग्णांना बरे केले, असा एक विचार आहे. उपासनेतली सहभागिता सुटली की विश्वास कोरडा पडतो, असा दुसरा. अशा बाबतींत प्रत्येकाने आपापल्या मनात पक्की खात्री करून घ्यावी, असे पौल रोमकरांस लिहितो (रोम. १४:५). माझे मत विचाराल तर महिन्यातला एखादा रविवार कामात जाणे आणि वर्षानुवर्षे एकही उपासना न मिळणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि ड्यूटीचा तक्ता हातात येईपर्यंत यातली कोणती आपल्या वाट्याला येणार हे कळत नाही.

उरलेले सारे मोकळे क्षेत्र. पगार, पद, शहर, कामाचा प्रकार, पूर्णवेळ की अर्धवेळ, यांतल्या बहुतेक बाबींवर शास्त्राची आज्ञा नाही. या मोकळेपणाची पुष्कळ विश्वासणाऱ्यांना भीती वाटते आणि मग ते एखादे वचन ओढून आणतात. यिर्मया २९:११ हे त्यातले सर्वांत जास्त वापरले जाणारे असावे. भवितव्याची आणि आशेची ती ग्वाही बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या एका संपूर्ण समाजाला लिहिलेल्या पत्रात आहे, आणि तिच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच पत्रात, जिथे आहात तिथे घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित पाहा, असा सल्लाही आहे. हे पूर्ण पत्र वाचले तर नावडत्या कार्यालयात अजून काही काळ चांगले काम करत राहणे हासुद्धा आज्ञाधारकपणा असू शकतो, असा अर्थ निघतो. नवीन नोकरीच्या मुलाखतीला जाताना आपण ते वचन त्या अर्थाने क्वचितच म्हणतो.

पायरी ३ : मन कुठे झुकले आहे ते पाहा

प्रार्थनेचे खरे काम या पायरीवर सुरू होते. प्रभूसमोर बसून "मला काय हवे आहे आणि ते का हवे आहे" हे जसेच्या तसे लिहावे. पैसा हवा असेल तर पैसा लिहावा. नणंदेच्या बरोबरीचे पद हवे असेल तर तेही लिहावे. हे पान दुसरे कोणी वाचणार नाही. महत्त्वाकांक्षेची लाज वाटून ती झाकली, की ती "सेवेची संधी" असे नाव घेऊन परत येते आणि मग तिच्याशी वाद घालता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत महत्त्वाकांक्षेपेक्षाही जास्त लपलेली गोष्ट म्हणजे अपराधीपणा. कामावर असताना घराचा आणि घरी असताना कामाचा अपराधीपणा वाटतो, आणि तोच पवित्र आत्म्याचा आवाज समजला जातो. दोहोंतला फरक ओळखण्याचा एक मार्ग आहे. आत्म्याची टोचणी नेमकी असते. एखाद्या केलेल्या किंवा टाळलेल्या गोष्टीकडे ती बोट दाखवते आणि पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवते. "तू चांगली आई नाहीस" यासारखे मोघम, न संपणारे आणि काहीही केले तरी न शमणारे दोषारोप बहुधा आपल्या आजूबाजूच्या माणसांच्या अपेक्षांतून आलेले असतात. नीतिसूत्रे ३१ मधील सद्गुणी स्त्रीचे उदाहरण घर न सोडण्यासाठी दिले जाते. प्रत्यक्षात त्या अध्यायात ती शेत पाहून ते विकत घेते, आपला व्यापार फायद्याचा आहे हे तिला कळते, ती तागाची वस्त्रे करून विकते. घर आणि व्यापार यांच्या मध्ये तो अध्याय भिंत घालत नाही.

सोळाव्या शतकातील कॅथलिक संत, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांची एक पद्धत इथे फार उपयोगी पडते, मग आपण कोणत्याही पंथाच्या असा. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागल्यामुळे ते कित्येक महिने अंथरुणावर होते. पराक्रमाची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगवताना त्यांना मजा येई, पण ती ओसरल्यावर मन कोरडे होई. संतांसारखे जगण्याचा विचार केल्यावर मात्र नंतरही आनंद टिकून राही. विचार येतानाची नव्हे, तो गेल्यानंतरची मनाची अवस्था पाहायची, ही त्यांची कसोटी. पुढे त्यांनी आणखी एक नियम दिला, जो मी प्रत्येक नोकरदार स्त्रीला पाठ करायला सांगेन : मन उदास, अस्वस्थ आणि प्रार्थनेत कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये.

त्याला जोडूनच थकव्याविषयी. संदेष्टा एलीया रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९), तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. खाऊ घालतो, झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. पुढचे काम त्यानंतर बरेच दिवसांनी सांगितले जाते. वार्षिक हिशेबाच्या धावपळीत, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत किंवा घरात मृत्यू झालेला असताना राजीनामा लिहू नये. लिहिलाच तर पाठवू नये.

पायरी ४ : माहिती गोळा करा

विश्वासणाऱ्या लोकांचे निर्णय चुकतात ते बहुतेक इथे, कारण ही पायरी त्यांना अध्यात्मापेक्षा खालच्या दर्जाची वाटते. पारसच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याचे उदाहरण पाहावे. यरुशलेमेचा कोट पडल्याचे त्याला किसलेव महिन्यात कळले आणि राजासमोर तो बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने उपास-प्रार्थनेत गेले. पण राजाने "तुला काय पाहिजे?" असे विचारल्यावर त्याने मनात प्रार्थना केली आणि लगेच नेमक्या मागण्या सांगितल्या : किती काळ लागेल, वाटेतल्या सुभेदारांसाठी पत्रे, आणि लाकडासाठी राजाच्या वनरक्षकाच्या नावाने वेगळे पत्र. त्या चार महिन्यांत त्याने फक्त अश्रू ढाळले नव्हते, याद्याही केल्या होत्या. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे तर प्रभूनेच सांगितले आहे (लूक १४:२८).

नियुक्तिपत्र किंवा बढतीचे पत्र हाती आल्यावर पुढील बाबी लेखी स्वरूपात पाहाव्यात. हाती पडणारा पगार किती आणि त्यातला बदलता भाग किती. परिविक्षेचा काळ किती आणि त्या काळात कामावरून काढण्याचा अधिकार कोणाला. राजीनाम्याची पूर्वसूचना किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे का. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे का, आणि तो मोडल्यास किती भरपाई द्यावी लागेल. बदलीचे कलम आहे का. मातृत्व रजा, आजारपणाची रजा आणि आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून लागू होतो, हे विशेष पाहावे, कारण नोकरी बदलल्यावर काही सवलतींसाठीचा सेवाकाळ नव्याने मोजला जातो. तोंडी दिलेल्या आश्वासनांची यादी करून ती ईमेलने पाठवावी आणि "आपल्या बोलण्यात हे ठरले, ते बरोबर आहे ना" असे नम्रपणे विचारावे. हा अविश्वास नाही. आपले होय ते होय असावे या शिकवणीत समोरच्याचे होयसुद्धा येते.

नोकरी सोडून काही वर्षे घरी थांबण्याचा विचार असेल, तर हिशेब वेगळा करावा लागतो. एका बाजूला पगार आणि दुसऱ्या बाजूला पाळणाघर, प्रवास, मदतनीस यांचा खर्च मांडून "हातात काहीच उरत नाही, मग कशाला नोकरी" असा निष्कर्ष घाईने काढला जातो. या हिशेबात तीन गोष्टी राहून जातात. पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारातून वजा केला जातो, वडिलांच्या नाही, आणि तो का, हे कोणी विचारत नाही. निवृत्तिवेतनात किंवा भविष्य निर्वाह निधीत त्या वर्षांत काहीच जमा होत नाही. आणि परत येताना आधीच्याच पदावर घेतले जाईल, याची खात्री नसते. हे सर्व पाहूनही थांबावेसे वाटले तर जरूर थांबावे. तो आदराचा आणि पुष्कळदा योग्य निर्णय आहे. फक्त तो अर्ध्या हिशेबावर घेऊ नये. थांबणार असाल, तर व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी चालू ठेवणे, दोन माजी सहकाऱ्यांशी संपर्क ठेवणे आणि स्वतःच्या नावाने बचत चालू ठेवणे, एवढे तरी पहिल्या दिवसापासून करावे.

पगाराविषयी बोलण्याचा संकोच हा नम्रतेचा भाग समजू नये. गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांच्या वाट्याची मागणी करतात. त्यांचे म्हणणे थोडके आणि मुद्देसूद आहे : वडील कोण होते, त्यांनी काय केले नव्हते, मुलगा नसल्याने काय होणार आहे, आणि आम्हाला काय हवे आहे. मोशे ते प्रकरण परमेश्वरापुढे नेतो आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरते. पगारवाढीची मागणी याच क्रमाने मांडून पाहावी. सध्याचे काम, गेल्या वर्षात वाढलेली जबाबदारी, तशाच पदावर इतरांना मिळणारे वेतन, आणि शेवटी एक आकडा.

पायरी ५ : सल्ला घ्या, परवानगी नव्हे

सल्लागारांची संख्या मोठी असली तर बेत सिद्धीस जातात, असे नीतिसूत्रे १५:२२ म्हणते. पण सल्लागार एकाच प्रकारचे असतील, तर संख्या वाढूनही काही मिळत नाही. आपल्याला तीन प्रकारची माणसे हवीत. एक, जी त्या कामाच्या क्षेत्रात आहे आणि आपली स्तुती करण्याची तिला गरज नाही. दुसरी, जी आपल्याला पुष्कळ वर्षे ओळखते आणि आपण स्वतःला कसे फसवतो हे तिला माहीत आहे. तिसरी, जी आपल्यासाठी प्रार्थना करते आणि या निर्णयात तिचा काहीच फायदा-तोटा नाही. तिसरी अट अवघड आहे. पाळकांना रविवारशाळेसाठी शिक्षिका हवी असू शकते, सासूबाईंना सून घरी हवी असू शकते, वरिष्ठांना आपण तिथेच हवे असू शकतो. ते सर्व प्रेमाने सल्ला देतील आणि तरीही तो निःस्वार्थ नसेल.

पाळकांकडे जाताना त्यांना शास्त्र आणि विवेक याविषयी विचारावे. करारातल्या कलमांविषयी किंवा उद्योगाच्या भवितव्याविषयी त्यांचे मत इतर कोणाही सुजाण माणसाच्या मताइतकेच आहे. आणि कोणी "मला प्रभूने तुझ्याविषयी सांगितले आहे" असे म्हणून निर्णय हातात देऊ लागला, तर आभार मानावेत, वहीत लिहून ठेवावे आणि बाकीच्या पायऱ्या तशाच पूर्ण कराव्यात. देवाची इच्छा हे शब्द चर्चा बंद करण्यासाठी, विशेषतः स्त्रीशी चालू असलेली चर्चा बंद करण्यासाठी, फार सहज वापरले जातात.

क्वेकर या ख्रिस्ती पंथात सतराव्या शतकापासून एक रीत आहे. ती विवाहाच्या निर्णयासाठी सुरू झाली, पुढे इतर निर्णयांसाठीही वापरली जाऊ लागली. काही विश्वासू माणसे एकत्र बसतात, निर्णय घेणारी व्यक्ती आपला प्रश्न मांडते आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे असतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही, आणि ज्याचे उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असा प्रश्न विचारायचा नाही. मध्ये शांतता पडली तर पडू द्यायची. महिला सहभागितेतल्या तीन-चार बहिणींना घेऊन हे एका संध्याकाळी सहज करता येते. पहिली पंधरा मिनिटे सल्ला न देता बसणे सर्वांनाच जड जाते.

विवाहित स्त्रीने हा निर्णय पतीला कळवायचा नसून त्याच्यासोबत करायचा आहे, आणि तेच पतीच्या नोकरीच्या निर्णयालाही लागू व्हावे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारे जोडपे एकत्र व्यवसाय करत होते, एकत्र गावे बदलत होते आणि अपुल्लोसाला एकत्रच शिकवत होते (प्रे. कृत्ये १८). अविवाहित स्त्रीला मात्र "तुला काय, तू मोकळी आहेस" असे म्हणून जास्तीच्या पाळ्या, दूरच्या बदल्या आणि मंडळीतली उरलेली कामे दिली जातात. तिनेही आपल्या वहीत घर, विश्रांती आणि आईवडिलांची जबाबदारी तितक्याच गांभीर्याने लिहावी.

पायरी ६ : दारे आणि चिन्हे बेताने वाचा

गिदोनाने रात्री लोकर ठेवून तिच्यावर दव पडते का हे पाहिले, तसे चिन्ह मागावे का, असे पुष्कळ जणी विचारतात. शास्ते ६ नीट वाचल्यास दिसते की गिदोनाला देवाची आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर त्याने इच्छा जाणण्यासाठी नव्हे, धीर येत नव्हता म्हणून ठेवली, तीही दोनदा. देवाने त्याला समजून घेतले, पण ती पद्धत म्हणून कोणाला शिकवली नाही. "सोमवारी फोन आला तर हो" अशी अट घालणे म्हणजे निर्णय टेलिफोनवर सोपवणे.

पौलाच्या दुसऱ्या प्रवासातला प्रसंग जास्त शिकवणारा आहे. आसियात वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियाचा रस्ता बंद झाला, मग रात्री मासेदोनियातील माणसाचा दृष्टान्त झाला (प्रे. कृत्ये १६:६-१०). तरीही लूक लिहितो की त्यानंतर "आम्ही" अनुमान केले. म्हणजे दृष्टान्त झाल्यावरही सर्वांनी मिळून विचार केला. आणि दृष्टान्तात पुरुष दिसला असला, तरी फिलिप्पै येथे पहिला विश्वास ठेवला नदीकाठी जमलेल्या स्त्रियांपैकी लुदियाने, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या स्त्रीने, आणि तिच्याच घरी ते सर्व उतरले. बंद दार हे एक निरीक्षण आहे. ते एकटे निकाल देत नाही, आणि उघडे दारही देत नाही. अब्राहामाचा पुतण्या लोट याला यार्देनेचे हिरवेगार खोरे पूर्ण उघडेच होते, आणि ते निवडून तो सदोमापर्यंत पोहोचला.

पायरी ७ : तात्पुरता निर्णय घेऊन त्यात राहून पाहा

आता वहीत लिहावे : "मी हे पद स्वीकारले आहे." पुढचे तीन दिवस, कोणालाही न सांगता, ते खरे धरून वागावे. प्रवासाच्या दिवशी आईजवळ कोण असेल ते मनात ठरवावे, नव्या बैठकांची कल्पना करावी, रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात. नंतरचे तीन दिवस "मी नकार दिला आहे" असे धरून तसेच करावे. आपल्या लेखा विभागातल्या स्त्रीच्या पानावर पहिल्या भागात "भीती वाटते, पण झोप लागली, आईला विचारले तर ती म्हणाली, दोन रात्रींचे काय एवढे" असे आले, आणि दुसऱ्या भागात "सुटल्यासारखे वाटले, तिसऱ्या दिवशी नवा प्रमुख कोण असेल याचाच विचार" असे आले, तर तिला बरेच काही कळलेले असते. सुटका आणि शांती यांत फरक आहे. सुटका पहिल्या दिवशी जास्त असते आणि मग उतरते.

इग्नाशियस यांनीच सुचवलेले दोन प्रश्न इथे विचारावेत. माझ्याच परिस्थितीतली एखादी अनोळखी स्त्री सल्ला मागायला आली, तर मी तिला काय सांगेन? आणि मृत्युशय्येवर असताना आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल? पहिला प्रश्न भीती बाजूला काढतो, दुसरा मानपान.

शांती येत नाही म्हणून निर्णय अडवून ठेवू नये, हेही सांगायला हवे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले अशी नोंद केली. कोणती सेवा, हे त्यांना तेव्हा कळले नव्हते, घरच्यांचा विरोध तीव्र होता, प्रशिक्षण १८५१ मध्ये जर्मनीतल्या कायझर्सवर्थ येथे मिळाले आणि पहिली जबाबदारीची जागा १८५३ मध्ये. मधली सोळा वर्षे त्यांच्या मनात शांती नव्हती. अभ्यास, रुग्णालयांच्या माहितीची टिपणे आणि भरपूर घालमेल होती. पाचारण खरे असले तरी त्याला वेळ लागू शकतो, आणि तो वेळ तयारीत घालवता येतो.

छळ आणि अन्याय असलेल्या जागेविषयी

वरच्या सर्व पायऱ्या सर्वसाधारण परिस्थितीसाठी आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ, धमक्या, पगार अडवणे किंवा बेकायदा कामाची सक्ती होत असेल, तर क्रम बदलतो. आधी पुरावे जपावेत : तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार यांची नोंद, संदेशांच्या प्रती, आणि त्या कार्यालयाच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ. मग तक्रारीचा कायदेशीर मार्ग आणि जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि सुरक्षिततेसाठी तिथून बाहेर पडणे आवश्यक असल्यास पडावे. हा आपला वधस्तंभ आहे, तो उचलायचा, असे कोणी सांगितले तर पौलाकडे पाहावे. फिलिप्पैत बेकायदा फटके मारून गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा त्याने रोमी नागरिकत्व दाखवून अधिकाऱ्यांनाच तुरुंगात यायला लावले (प्रे. कृत्ये १६:३७), आणि पुढे कैसराकडे दाद मागितली. ख्रिस्तासाठी दुःख सोसणाऱ्या त्या माणसाने आपले हक्क सोडले नव्हते.

छळ नसून केवळ विवेकाला न पटणारी एखादी सूचना असेल, तर दानीएलाची रीत वापरावी. त्याने राजाच्या अन्नाला नकार देताना भांडण केले नाही. कारभाऱ्याला दहा दिवस फक्त भाजीपाला आणि पाणी देऊन पाहण्याचा पर्याय सुचवला आणि निकाल पाहून तुम्हीच ठरवा असे म्हटले. "या बिलावर मी मागची तारीख घालू शकत नाही, आजची तारीख घालून विलंबाचे कारण जोडते, चालेल का?" हे वाक्य त्याच जातीचे आहे. पुष्कळदा ते चालते. न चालल्यास आपण कुठे काम करतो हे तरी नक्की कळते.

पायरी ८ : निर्णय कळवा आणि तपासणीची तारीख ठरवा

मुदतीच्या आधी, लेखी आणि थोडक्यात कळवावे. नकार देताना "प्रभूने मला नको सांगितले" असे वरिष्ठांना लिहू नये. आपल्या निर्णयाची जबाबदारी देवावर ढकलल्यासारखे ते होते, आणि पुढे तीच जागा पुन्हा देऊ केली गेली तर आपणच अडचणीत येतो. "सध्याच्या कौटुंबिक जबाबदारीमुळे प्रवास शक्य नाही, प्रवास नसलेल्या पदासाठी माझा जरूर विचार व्हावा," एवढे पुरे. राजीनामा देत असाल, तर आधी नव्या जागेचे पत्र हातात असावे, पूर्वसूचनेचा काळ पूर्ण करावा, आणि हाती असलेल्या प्रत्येक कामाची स्थिती, संबंधित व्यक्ती व पुढची तारीख लिहिलेले हस्तांतरणाचे टिपण करून द्यावे. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (कलस्सै. ३:२३), हे वचन नोकरीच्या शेवटच्या आठवड्यालाही लागू आहे, आणि त्या आठवड्यात ते पाळणे सर्वांत कठीण जाते.

नोकरी सोडून सेवाकार्यात जाणाऱ्या स्त्रीने ती जागा वरच्या दर्जाची म्हणून स्वीकारू नये. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत असताना योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने त्यांची सोय पाहत होत्या (लूक ८:१-३). कमावणारे हात तिथेही लागत होते. ख्रिस्ती संस्थेत गेल्यावरही मानधन, रजा आणि कामाचे तास लेखी मागावेत. तिथे ते विचारणे अवघड वाटते, म्हणून आधीच विचारावे.

शेवटी, निर्णयाच्या पानाखाली सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहावी आणि तोपर्यंत निर्णय पुन्हा उकरू नये. त्या दिवशी चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत : पायरी ४ मध्ये गृहीत धरलेल्या गोष्टींपैकी काय वेगळे निघाले, उपासना आणि विश्रांती यांचे काय झाले, घरातल्या माणसांना विचारल्यावर ते काय म्हणाले, आणि आज हीच जागा नव्याने देऊ केली तर मी घेईन का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, आणि ते उदासीच्या दिवसात आलेले नाही हे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून पक्के झाले, तर नवे पान काढून त्यावर नवा प्रश्न एका वाक्यात लिहावा, मुदतीसह.